चिंचेने घासलेली रायफल

माझी मुलगी म्हणते, आई, नावं बदलून लिही. मी नाही बदलणार. आडनाव तेवढं गाळते, तेही तिच्या समाधानासाठी. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि कळावं म्हणूनच तर लिहितेय.

मी नलिनी, राहणार लंडनजवळच्या स्लाऊची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासण्यात जन्म गेला, आता रिटायर्ड. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते निव्वळ करमणूक म्हणून. कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या फ्लॅटमध्ये पैंजण वाजतात... मी मनात म्हणायचे, बाई गं, आधी बीपी तपासून घे. आता मीच लिहायला बसलेय, तर हसा खुशाल. मीही हसलेच असते.

फक्त एक लक्षात ठेवा — हे अंधारात, एकटीला दिसलेलं नाही. भर दुपारी, पिनरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या शे-दीडशे माणसांसमोर घडलंय. त्यातले निम्मे आता म्हणतात की आम्हाला नीट दिसलं नाही, आम्ही वड्यांच्या रांगेत होतो. असू दे.

श्रीकांत माझा नवरा. कॉलेजातली ओळख, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी नव्हतंच. तो इथल्या ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. तिथेच प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तर हा म्हणतो, "अगं, अर्धंच गेलंय. साडेनऊ शिल्लक आहेत." मंडळाच्या पोरांसमोर तो ते थोटं बोट नाकपुडीला टेकवायचा, म्हणजे वाटावं की अख्खं बोट नाकात गेलंय! एक पिढी त्यावर खिदळत मोठी झाली. मंडळात त्याचं आडनाव कुणाला माहीत नसेल, पण ते बोट सगळ्यांना माहीत.

दुसरी भानगड म्हणजे त्याचा घाम. काही माणसांच्या घामात काय असतं कोण जाणे, लोखंडाला नुसता हात लागला तरी दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे तांबूस ठसे उमटतात. इथले कारागीर अशा माणसाला 'रस्टर' म्हणतात. टूलरूममध्ये त्याची मोजमापाची हत्यारं वेगळी ठेवलेली असायची, बाकीच्यांच्या हत्यारांना हात लावायची त्याला बंदी. आणि या गृहस्थाला छंद कसला, तर जुन्या लष्करी रायफली साफ करून जतन करायचा! मधुमेहवाल्याने मिठाईचं दुकान टाकावं, त्यातली गत.

घाबरू नका, या रायफली पणजोबांच्या काळातल्या. ज्यांच्या गोळ्याच आता कारखान्यात बनत नाहीत, अशा शोभेसाठी ठेवायला इथे लायसन्स लागत नाही. बागेतल्या शेडमध्ये त्याचं बेंच होतं, काम घट्ट पकडून धरायचा लोखंडी व्हाइस होता, ब्रश, चिंध्या, तेलाच्या बाटल्या. आणि पांढरे सुती हातमोजे. ते चढवल्याशिवाय तो धातूला हात लावायचा नाही. उजव्या मोज्याचं एक बोट अर्धं रिकामं लोंबायचं आणि कशात ना कशात अडकायचं. म्हणून प्रत्येक जोडीचं ते बोट मी दुमडून, टाके घालून द्यायचे. आमच्या संसारातलं माझं शिवणकाम एवढंच.

शेवटची रायफल त्याने बर्मिंगहॅमला जुन्या हत्यारांच्या बाजारातून आणली. मार्टिनी-हेन्री. एका वेळी एकच गोळी भरायची, खालची तरफ ओढायची, असला प्रकार. बनलेलीही बहुतेक बर्मिंगहॅमचीच. फौजेबरोबर हिंदुस्थानात गेली, तिकडे कुठल्याशा डोंगरातल्या कोठारात पडून राहिली आणि म्हातारपणी परत आली. श्रीकांत म्हणाला, "आपल्या उलट गं ही." अंगावर जुनं ग्रीस आणि मातीचा असा थर, की पोलाद कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळेना. मी म्हटलं, हे काय माझ्या करपलेल्या कढईचं बूड उचलून आणलंस?

आणि त्याच महिन्यात त्याचं पोटाचं दुखणं निघालं. नाव कशाला घ्यायचं, तुम्हाला कळलं असेल.

त्याच्यात शेडपर्यंत जायची ताकद राहिली नाही, तशी मी रायफलच घरात आणली. कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे बागेकडच्या काचेच्या खोलीत त्याचा पलंग, शेजारी टेबल, टेबलावर जुन्या चादरीवर ही बया. तो सांगायचा, मी करायचे. पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवायच्या, थर मऊ पडू द्यायचा, मग लाकडी कांडीने सोलायचा. लोखंडी काही लावायचं नाही. सँडपेपर तर घरातसुद्धा आणायचा नाही. मला सवय खसाखसा घासायची. तो उशीवरून ओरडायचा, "नलू! घासायचं नाही, विनवायचं!" गंजाचे डाग तेलात भिजवलेल्या मऊ लोकरीने... लोकर म्हणजे तारेचीच, पण केसासारखी बारीक, तिने हलके हलके. खालून जो काळसर-तपकिरी रंग निघतो तो ठेवायचा. "ते तिचं वय आहे. ते पुसलंस की संपली ती." लाकडाला जवसाचं तेल, थेंबभर, तळहाताने चोळत राहायचं लाकूड कोमट होईपर्यंत. सगळ्यात शेवटी धातूवर मेणाचा हात.

इतक्या वर्षांत मी त्या छंदाला नावं ठेवत आले होते. त्या दिवसांत मात्र टेबलावरच्या त्या कामाखेरीज आम्हा दोघांना बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाकीचं बोलायला गेलं की रडू यायचं.

रायफल पूर्ण झाली तेव्हा त्याने डोळे भरून पाहिली. हात लावला नाही. मोजा चढवायचंही त्राण त्याच्या हातात नव्हतं. एकदा म्हणाला, "नलू, मोजा काढून एकदा हिला धरावीशी वाटते." मी म्हटलं, धर की, मी लगेच पुसून घेते. तर मान हलवून म्हणाला, "नको. ठसा राहील."

आणि मग म्हणाला, "खंडेनवमीला हिला पाटावर ठेव. आपल्या घरात. तिच्यापुढे हळद-कुंकू कुणी वाहिलं नसेल कधी." दर वर्षी खंडेनवमीला तो शेडमध्ये व्हाइसला, कानशींना झेंडू वाहायचा, माझ्या जुन्या मायक्रोस्कोपलासुद्धा सोडायचा नाही. मी म्हटलं, ठेवीन. शब्द दिला. वसंतात तो गेला.

आता अविनाश.

अविनाश श्रीकांतचा मित्र. घरं भाड्याने द्यायचा त्याचा बिझनेस, पिनरला मोठं घर, मंडळाचा अध्यक्ष. जिभेवर साखर. तेराव्याला आला, लाडू खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, एकट्या बाईमाणसाने घरात हत्यार ठेवणं बरं नाही. मी सांभाळतो. खंडेनवमीच्या आत आणून देतो." मी त्या दिवसांत भानावर नव्हते. कुणी घरातलं छप्पर मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं. त्याने ती माझ्याच चादरीत गुंडाळून नेली.

उन्हाळ्यात मी फोन केला. म्हणतो कसा, "वहिनी, ती श्रीने मलाच दिली होती. हॉस्पिटलात. तुम्ही दुःखात होता, तुम्हाला आठवत नसेल."

तळपायाची आग मस्तकात गेली! मला आठवत नसेल? जिच्या नखांत महिनाभर ते काळं ग्रीस होतं, तिला आठवत नसेल? मी पुन्हा पुन्हा फोन केले. दर वेळी आवाज आणखी मऊ, आणखी समजूतदार, वेडीशी बोलावं तसा. पोलिसांकडे जायचं तर काय घेऊन जाणार? लायसन्सच लागत नाही, म्हणजे माझ्या नावाचा चिटोराही नाही. त्याच्यासारख्या माणसाला हे बरोबर माहीत असतं.

गणपतीत मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं. खंडेनवमीला शस्त्रपूजन सोहळा, विशेष आकर्षण — अध्यक्षांच्या पणजोबांची ऐतिहासिक रायफल! पणजोबांची!! याच अविनाशने आमच्या जेवणाच्या टेबलावर दहादा सांगितलंय की त्याचे पणजोबा चिपळूणला चुरमुरे-फुटाण्यांचं दुकान चालवायचे. चुरमुरे विकणाऱ्याला काय करायचीय मार्टिनी-हेन्री? कावळे हाकलायला?

तुम्ही म्हणाल, एक जुनी बंदूक ती काय, सोडून द्यायची. नाही हो. माझ्या नवऱ्याचं शेवटचं काम होतं ते, आणि आम्ही दोघांनी मिळून केलेलं पहिलं. त्यावर हा आपलं नाव लावून मिरवणार, आणि मी दिलेला शब्द जाणार वाऱ्यावर.

मी देवाला साकडं घालणारी बाई नाही. मी शेडमध्ये गेले, थंडगार व्हाइसवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "श्रीकांत, ह्याला मला सोडायचा नाहीये. चार माणसांत ह्याचं तोंड काळं झालेलं बघायचंय मला. माझ्याने नाही झालं तर तू कर." एवढंच. बाहेर शेजारचा गवत कापत होता.

नवमी शनिवारी आली होती. माझी मुलगी केतकी बर्मिंगहॅमहून आली, तिच्या गाडीतून आम्ही पिनरला गेलो. केतकी इंजिनियर आहे, जन्म इथलाच. मराठी बोलते, पण तिच्या तोंडी सगळं जग पुल्लिंगी. वाटेत मला बजावत होती, "आई, प्लीज, सीन नको करू. आपण पोलाइटली बोलू."

हॉलमध्ये उदबत्तीचा आणि वड्यांचा वास एकत्र झालेला. स्टेजवर पाट, रांगोळी, भाड्याने आणलेल्या चार तलवारी, आणि मधोमध लाल कापडावर माझी रायफल. केतकी माझा दंड धरून म्हणाली, "आई, तो रायफल... तो एवढा चमकतोय का? तो असा नव्हता ना?"

मी जवळ गेले. तिचा काळसर रंग गेला होता. सगळा. तरफेवरचा, नळीवरचा, मधल्या त्या चपट्या पेटीसारख्या भागावरचा, जिथे गोळी भरतात. देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखी लखलखत होती नुसती.

अविनाशची बायको मेधा शेजारी उभी, पैठणीत, आनंदाने फुललेली. "ताई, बघितलंत? आज सकाळीच चिंचेने घासली हो मी! चिंच आणि मीठ. काय काळी झाली होती! म्हटलं, पूजेला ठेवायची आणि अशी पारोशी?"

चिंच! पोलादाला! आपल्या बायका तांब्या-पितळेची उपकरणी घासतात तशी! जो रंग दीडशे वर्षांत चढला आणि आम्ही एवढा जिवापाड राखला, तो हिने एका सकाळी मोरीत सांडला. मेधाचा काही दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ही काय वस्तू आहे. ज्याला माहीत होतं तो माइक तपासत होता, हॅलो हॅलो करत.

मी स्टेजच्या पायरीशी उभी राहिले. अविनाशने मला पाहिलं. माइकवर हात ठेवून, हसतमुखाने, हळूच म्हणाला, "वहिनी, आत्ता नको हं. कार्यक्रम होऊ दे." आणि सुरू झाला. "मित्रहो, या बंदुकीने सरहद्द पाहिलीय! माझ्या पणजोबांच्या हातांत..." काय ते रसाळ वर्णन, काय तो गहिवर! लोक टाळ्या वाजवत होते. मग त्याने दोन्ही हातांनी लाकडाला धरून रायफल छातीशी आडवी उचलली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, श्रीकांत, बघतोयस ना.

त्या चकचकीत पेटीवर एक डाग उमटला. आधी वाटलं, कुंकू सांडलंय. मग दुसरा. तव्यावर पोळीला डाग पडत जातात ना, तसे ते आमच्या डोळ्यांसमोर उमटत गेले, तांबूस, मग गडद. चार उभे पट्टे शेजारीशेजारी. अविनाशचे हात लाकडावर होते, एक पुढे, एक मागे. त्या भागाला त्याचा हात लागलेलाच नव्हता, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

तो बोलतच होता. पण पुढच्या रांगा माना उंच करून बघायला लागल्या, मग मागच्या. मेधा लगबगीने पुढे आली आणि पदराने पुसायला लागली. डाग हलेना. पदर बाजूला झाला तेव्हा ते स्वच्छ दिसले — चार बोटं. तर्जनी, मधलं, करंगळी. आणि करंगळीशेजारचं, अर्ध्यातच संपलेलं.

पहिल्या रांगेत आमच्या मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर आजी बसलेल्या. त्यांचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेला. "अगं बाई! हे तर श्रीकांतचं बोट!"

अविनाशने रायफल फिरवून पाहिली. त्याच्या बाजूला अंगठा उमटला होता. उजव्या हाताने मधोमध धरून रायफल उचलली की जिथे अंगठा येतो, बरोबर तिथे. त्याने ती पाटावर टाकलीच जवळजवळ, झेंडू उडाले. त्याचे तळहात तांबडे झाले होते.

मी स्टेजवर चढले. केतकीने या वेळी अडवलं नाही.

"अविनाश, ही कुणाची?"

"वहिनी... हॉलमध्ये दमटपणा आहे... कुणीतरी ओला हात..."

"ही कुणाची, ते विचारतेय मी."

तो तांबडे तळहात झब्ब्याला पुसायला लागला. मी माइकच्या जवळ तोंड नेऊन विचारलं, "तुमच्या पणजोबांची बोटं तरी शाबूत होती ना हो? चुरमुरे मोजायला लागतात." कुणीतरी हसलं, मग एकदम थांबलं. मला सांगायला अजिबात लाज वाटत नाही, त्या क्षणी त्याचा चेहरा बघून मला जे वाटलं, तसं सुख मला वर्षभरात कशाने झालं नव्हतं. मी ते लाल कापड रायफलीभोवती गुंडाळलं आणि चालू लागले. शे-दीडशे माणसांतलं एकही मध्ये आलं नाही.

घरी येऊन आधी पाट मांडला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शेजारी त्याचे मोजे ठेवले, मी टाके घातलेले. दिलेला शब्द पाळला. नवमी संपायच्या आत.

केतकीने दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं. तिचं म्हणणं, "आई, चिंचमध्ये ॲसिड असतो. वरचा प्रोटेक्शन गेला. हॉल ह्युमिड होता. आणि घामातला सॉल्ट मेटलच्या आत जाऊन राहू शकतो, नंतर वर येतो. बाबांनी कधीतरी टच केला असेल."

"कधी केला असेल? मोज्याशिवाय त्याने तिला कधी हातच लावला नाही. आणली तेव्हा तिच्यावर बोटभर ग्रीस होतं. आणि नेमका त्याच मिनिटाला वर आला सॉल्ट?"

"कोइन्सिडन्स," असं म्हणाली खरी. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, असेल काहीतरी केमिस्ट्री. पण दिवाळीनंतर मेधाचा फोन आला. रडत होती. "ताई, ह्यांनी हात लावला की गंज चढतोय. किल्ल्यांना. घड्याळाच्या पट्ट्याला. कालच फोडणीचा डबा काढून दिला यांनी मला, आज त्यावर पाची बोटं. ताई, स्टेनलेस स्टीलचा डबा आहे हो तो, आईने दिलेला!"

मी लॅबवाली. मी म्हटलं, औषधं बदलली असतील, लिव्हर दाखवा. दाखवलं. ब्लड टेस्ट, स्किनचा डॉक्टर, घामाची तपासणी. सगळं नॉर्मल. आता तो प्लॅस्टिकच्या ताटात जेवतो, लाकडी चमच्याने. भाडेकरूला घराची किल्ली द्यायची तर मुलाला पाठवतो, कारण ह्याने दिलेली किल्ली चार दिवसांत कुलपात अडकते. हे मेधाने सांगितलं आणि मी फोन ठेवून एक कप चहा करून घेतला. साखर घालून. एरवी मी घालत नाही.

संक्रांतीच्या आधी तो स्वतः आला. भर सकाळी, दारात उभा, हातांत पांढरे सुती मोजे. पाची बोटं भरलेली. बेलचं बटणही त्याने कोपराने दाबलं होतं. मी आत बोलावलं नाही.

"वहिनी, माझं चुकलं."

"मला काय सांगता? जिथे खोटं बोललात तिथे सांगा."

सांगितलं बरं का त्याने. तिळगुळाच्या कार्यक्रमात, त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर. "ती रायफल श्रीकांतची आणि नलिनीवहिनींची. मी ती उचलून नेली आणि खोटं बोललो." मोजे घालूनच बोलला. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं, शब्दन् शब्द. मग अध्यक्षपदही सोडलं.

गंज थांबला नाही.

मेधाने पुन्हा फोन केला. "ताई, सगळं केलं हो यांनी. आता तुम्ही एकदा श्रीभावजींना सांगा ना, पुरे म्हणून. तुमचं ऐकतील ते." मी म्हटलं, मेधा, मी असल्या गोष्टी मानत नाही.

आणि खरंच मानत नाही! अर्ध्या बोटाचा ठसा आपोआप कसा उमटतो, स्टेनलेसवर गंज कसा चढतो, मला माहीत नाही. केतकीला माहीत नाही, तिच्या कंपनीतल्या कुणाला माहीत नाही. या सदराच्या वाचकांत कुणी धातूंतले जाणकार असतील तर त्यांनी जरूर लिहावं, मी वाचेन.

रायफल कॉन्झर्व्हेटरीत आहे, त्याच टेबलावर. चिंचेने गेलेला रंग काही परत यायचा नाही, पण बाकी सगळ्या भागाला मी तेल-मेण लावून ठेवलंय. ठसा तेवढा सोडलाय. बारीक तारेच्या लोकरीने पाच मिनिटांत निघेल, मला येतं ते काम. नाही काढणार. तो वाढतही नाही, पुसटही होत नाही.

रोज सकाळी चहा झाला की मी तिथे बसते आणि उजव्या हाताने रायफल मधोमध धरते. मोजा न घालता. माझी बोटं त्याच्या बोटांवर बरोबर बसतात, एक तेवढं पुढे उरतं. मग मी त्याला सांगते. काल काय रांधलं, शेजाऱ्याचं कुंपण वाऱ्याने कसं पडलं, केतकी कुणाबरोबर फिरते आणि आईपासून कशी लपवते. सगळं सांगते.

केतकी परवा म्हणाली, "आई, अविनाशकाका खूप बारीक झालाय. सांगून टाक ना बाबांना, एक शब्द तर आहे."

एक शब्दच आहे, खरंय. 'पुरे.' तो सोडून मी बाकी सगळं सांगते.